वादळाचे कर्ज कोणी फेडावे?

२९ जून २०२४ रोजी ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर भारतीय संघाने वीस षटकांच्या सामन्यांतील विश्वविजेतेपद पटकाविले आणि त्यानंतरचे काही दिवस तो संघ त्याच बेटावर अडकून पडला, ही गोष्ट आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. 'बेरिल' नावाचे चक्रीवादळ चालून येत होते, विमानतळ बंद करण्यात आला होता आणि इकडे मुंबईत मरीन ड्राइव्हवरच्या मिरवणुकीसाठी ४ जुलैपर्यंत वाट पाहावी लागली. खेळाडू परतले, मिरवणूक झाली आणि बार्बाडोस हे नाव आपल्या बातम्यांतून दिसेनासे झाले. त्या वादळाने पुढे काय केले, याची विचारपूस फारशी झाली नाही. वादळ बार्बाडोसच्या दक्षिणेकडून निघून गेले; पण त्याच्या लाटांनी ब्रिजटाऊनच्या बंदरात नांगरलेल्या मच्छीमार नौकांची दाणादाण उडविली. शेजारच्या ग्रेनेडा देशातील कारियाकू बेटावर तर धड छप्पर असलेले घर शोधावे लागेल अशी अवस्था झाली. इतक्या लवकर, म्हणजे जुलैच्या प्रारंभीच, सर्वोच्च पाचव्या श्रेणीला पोहोचलेले दुसरे वादळ अटलांटिकच्या नोंदींत नाही.

अशा आघातानंतर घरे, रस्ते, विजेचे खांब पुन्हा उभे करायचे तर पैसा लागतो, आणि लहान देशाला तो बहुधा कर्जाऊच आणावा लागतो. आधीच्या कर्जाचे हप्ते तर चालूच असतात. मग ज्या वर्षी वादळाने घरादाराचा नाश केला, त्या वर्षीचा हप्ता देता आला नाही, तर त्या देशाला थकबाकीदार ठरवावे काय? बार्बाडोसने हा प्रश्न गेली काही वर्षे जगापुढे चिकाटीने मांडला आहे. नुसता मांडला असे नव्हे, तर आपल्या कर्जरोख्यांच्या करारात त्याचे उत्तर एका कलमाच्या रूपाने लिहून घेतले. या कलमाचा आरंभ ग्रेनेडाने २०१५ मध्ये केला होता. परंतु त्याला सार्वत्रिक स्वरूप देण्याचे आणि मोठ्या वित्तसंस्थांच्या गळी ते उतरविण्याचे श्रेय बार्बाडोसकडे जाते. हे कलम म्हणजे दयेची याचना नसून अर्थशास्त्राच्या आणि इतिहासाच्याही दृष्टीने रास्त असलेली मागणी आहे, असे माझे मत आहे. ते पटण्यासाठी या बेटाची हकीकत थोडी मागे जाऊन पाहावी लागेल.

बार्बाडोस हे क्षेत्रफळाने अवघे ४३० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षाही लहान. लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या घरात. कॅरिबियन बेटांच्या रांगेत ते सर्वांत पूर्वेला, रांगेपासून जरा सुटे, अटलांटिकमध्ये पुढे सरकलेले असे आहे. शेजारची बहुतेक बेटे ज्वालामुखीतून निर्माण झालेली व डोंगराळ. हे मात्र प्रवाळाच्या चुनखडीचे, बरेचसे सपाट. नद्या जवळजवळ नाहीत. पावसाचे पाणी चुनखडीत मुरते आणि ते विहिरींतून उपसून प्यावे लागते. पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे वर्षभर वाहत असल्यामुळे हवा उष्ण असली तरी असह्य होत नाही. जून ते नोव्हेंबर हा पावसाचा आणि वादळांचा काळ. वादळांच्या नेहमीच्या वाटेपासून हे बेट किंचित बाजूला पडते. त्यामुळे १९५५ च्या 'जॅनेट'नंतर २०२१ च्या 'एल्सा'पर्यंत पासष्ट वर्षे एकही पूर्ण चक्रीवादळ त्याच्यावर आदळले नाही. परंतु १७८० आणि १८३१ मध्ये जे घडले त्याच्या आठवणी तेथील इतिहासग्रंथांत भरपूर आहेत, आणि समुद्र जसजसा तापत आहे तसतशी या बाजूला असण्याची किंमत कमी होत चालली आहे.

साखरेचे बेट

इंग्रजांनी १६२७ मध्ये येथे वसाहत केली. प्रारंभी तंबाखू व कापूस करून पाहिला. त्यात काही अर्थ नाही असे दिसल्यावर १६४० नंतर ब्राझीलकडून आलेल्या तंत्राने ऊस लावला गेला. पुढील तीसचाळीस वर्षांत या बेटाचे रूप इतके पालटले की, इतिहासकार त्याला साखरेची क्रांतीच म्हणतात. जंगल साफ झाले, छोटे शेतकरी देशोधडीला लागले, मोठे मळे उभे राहिले, उसाचे चरक फिरविण्यासाठी शेकडो पवनचक्क्या बसल्या आणि मळ्यांत राबण्यासाठी आफ्रिकेतून माणसे जहाजे भरभरून आणण्यात आली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या वसाहतींपैकी सर्वांत श्रीमंत वसाहत ती हीच. १६६१ मध्ये येथील विधिमंडळाने गुलामांच्या 'नियमना'चा जो कायदा केला, त्याचा कित्ता पुढे जमेका आणि दक्षिण कॅरोलायना यांनी गिरविला.

या विधिमंडळाविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. बार्बाडोसची प्रतिनिधिसभा १६३९ ची आहे. राष्ट्रकुलातील सर्वांत जुन्या विधिमंडळांत तिची गणना होते आणि तेथील लोक त्याचा अभिमान बाळगतात. अभिमान बाळगण्यास हरकत नाही. परंतु पहिली दोन शतके ती मळेवाल्यांची सभा होती, आणि ज्या सभागृहात प्रतिनिधित्वावाचून कर नाही, असा बाणेदार युक्तिवाद लंडनविरुद्ध होत होता, त्याच सभागृहात माणूस ही मालमत्ता असल्याचे कायदे संमत होत होते. संसदीय परंपरेचे गोडवे गाणाऱ्यांनी हे विसरू नये. धर्मसंस्थाही या व्यवहारातून सुटली नाही. कॉड्रिंग्टन नावाच्या मळ्यांची मालकी मृत्युपत्रान्वये ख्रिस्ती धर्मप्रसार करणाऱ्या एका इंग्रजी संस्थेकडे आली, तेव्हा तेथील गुलामांच्या छातीवर 'सोसायटी' असा डाग देण्यात येत असे.

१८१६ च्या ईस्टरमध्ये बुसा नावाच्या गुलामाच्या नेतृत्वाखाली उठाव झाला, उसाचे फड पेटले; उठाव चिरडला गेला. १८३४ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी कायद्याने संपली. येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने थांबून विचार करावा असा एक तपशील आहे. गुलामगिरी संपविताना ब्रिटिश संसदेने दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई मंजूर केली, आणि ती भरपाई मालकांना दिली. 'मालमत्ता' गेली त्यांची, म्हणून भरपाई त्यांना, असा तो हिशेब. बार्बाडोसमधील सुमारे ८३ हजार मुक्त माणसांना एक पैसाही मिळाला नाही. उलट 'उमेदवारी'च्या नावाखाली आणखी चार वर्षे त्यांना जुन्याच मालकांकडे फुकट राबावे लागले. ही रक्कम उभी करण्यासाठी ब्रिटिश सरकारने जे कर्ज काढले, त्याचे अखेरचे रोखे २०१५ मध्ये फिटले. म्हणजे मळेवाल्यांच्या नुकसानीसाठी एका राज्याने १८० वर्षे कर्ज वागविले, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. त्या काळात गुलामांचे जे वंशज ब्रिटनमध्ये जाऊन स्थायिक झाले, त्यांनी भरलेल्या करातूनही त्या कर्जाचा काही हिस्सा फिटला असला पाहिजे.

मुक्तीनंतर जमीन कोणाची, हा प्रश्न तसाच राहिला. बेट लहान, सारी जमीन मळ्यांच्या ताब्यात; मोकळे रान कोठे नव्हते की जेथे जाऊन झोपडी बांधावी. मजुराला मळ्याच्या कडेला भाड्याची जागा मिळे, आणि मालकाची मर्जी फिरली की ती सोडावी लागे. या परिस्थितीतून एक विलक्षण घर जन्माला आले. लाकडी फळ्यांचे, पाया न खणता दगडांच्या ढिगांवर ठेवलेले, पाहिजे तेव्हा सुटे करून गाडीवर लादता येणारे असे हे घर. घर ही स्थावर मिळकत, असे आपण पाठ्यपुस्तकात शिकतो. बार्बाडोसच्या मजुराचे घर मात्र कायद्याच्या आणि व्यवहाराच्या दृष्टीने जंगम होते, आणि 'चॅटल हाऊस' हे त्याचे नावही तेच सांगते. रंगीत खिडक्या-झरोक्यांची ही घरे आता प्रवाशांना दाखविण्याची वस्तू झाली आहेत. तिच्यामागचा जमीनसंबंध प्रवाशाला दिसत नाही. वादळात सर्वांत आधी उडून जातात तीही हीच घरे.

१९०४ ते १९१४ या काळात हजारो बार्बाडोसवासी पनामा कालव्याच्या कामावर गेले. कित्येक तेथेच मेले. जे परत आले त्यांनी आणलेल्या पैशातून प्रथमच जमिनीचे लहानलहान तुकडे विकत घेतले गेले. १९३७ मध्ये क्लेमेंट पेन या कामगार पुढाऱ्याला हद्दपार करण्यात आले, तेव्हा ब्रिजटाऊनमध्ये दंगल उसळली आणि चौदा माणसे मारली गेली. त्या दंगलीतून कामगार संघटना, संघटनांतून पक्ष आणि ग्रँटली ॲडम्स यांच्यासारखे नेते पुढे आले. १९५१ ची निवडणूक सार्वत्रिक प्रौढ मताधिकाराने झाली. विधिमंडळ स्थापन झाल्यापासून तीनशे बारा वर्षांनी! ड्रॅक्स घराण्याचा १६५० च्या आसपासचा मळा मात्र आजही त्याच घराण्याकडे आहे. त्यातील काही जमीन घरांसाठी सरकारने बाजारभावाने विकत घ्यावी, असा प्रस्ताव निघाला, तेव्हा बेटावर इतका संताप झाला की २०२४ मध्ये तो स्थगित करावा लागला.

आठ टक्क्यांची हकीकत

३० नोव्हेंबर १९६६ रोजी बार्बाडोस स्वतंत्र झाला. पहिले पंतप्रधान एरॉल बॅरो यांनी स्वातंत्र्याच्या आधीच माध्यमिक शिक्षण मोफत केले होते, आणि हा निर्णय त्या देशाच्या पुढील यशाचे खरे भांडवल ठरला असे मानले जाते. आपल्याकडे अर्थशास्त्राच्या वर्गात ज्यांचा द्विक्षेत्रीय विकासाचा सिद्धान्त शिकवावा लागतो, ते आर्थर लुईस शेजारच्या सेंट लुशियाचे. ब्रिजटाऊनजवळ मुख्यालय असलेल्या कॅरिबियन विकास बँकेचे ते पहिले अध्यक्ष होते. उसाच्या संशोधनातही या बेटाचे एक ऋण आपल्यावर आहे. उसाच्या तुऱ्यातील बी रुजते आणि त्यातून नवे वाण काढता येतात, हे १८८८ मध्ये बार्बाडोसमध्ये दाखवून देण्यात आले. त्याच सुमारास जावातही तेच दिसून आले. कोइमतूरच्या केंद्रात तयार होऊन आमच्या कोल्हापूर-नगरच्या रानांत पोहोचलेले सारे वाण त्याच ज्ञानाचे फळ आहेत. खुद्द बार्बाडोसमधला ऊस मात्र आता नावापुरता उरला आहे. युरोपच्या बाजारातील संरक्षित दर २००६ नंतर कापले गेले आणि शेकडो चरकांच्या बेटावर साखरेचा एकच मोठा कारखाना शिल्लक राहिला. उसाची तोड संपल्यावर साजरा होणारा 'क्रॉप ओव्हर' हा सण बंद पडला होता. तो १९७४ मध्ये पुन्हा सुरू करण्यात आला, त्यात प्रवाशांना आकर्षित करण्याचा हेतूही होताच. तोड नाही पण तोडीचा सण आहे, अशी ही स्थिती. मात्र त्यातील गाणी सरकारची आणि श्रीमंतांची यथेच्छ खिल्ली उडवितात, तेव्हा तो निव्वळ बाजारू आहे असे म्हणण्याची घाई करू नये. क्रिकेटविषयी वेगळे काय सांगावे? वॉरेल, वीक्स, वॉलकॉट आणि सोबर्स ज्या चिमुकल्या बेटाने दिले, त्याची ओळख मराठी वाचकाला करून देण्याची गरज नाही.

साखरेची जागा पर्यटनाने घेतली, आणि पर्यटनावर जगणाऱ्या देशाला परकीय चलनाची चिंता सुटत नाही. बार्बाडोसचा डॉलर १९७५ पासून अमेरिकी डॉलरशी दोनास एक या दराने बांधलेला आहे. १९९१ मध्ये गंगाजळी आटली, तेव्हा नाणेनिधीने सुचविलेला उपाय अवमूल्यनाचा होता. सरकार, कामगार संघटना आणि मालक यांनी तो नाकारला. त्याऐवजी सरकारी नोकरांचे पगार सरसकट आठ टक्क्यांनी कापण्यात आले. शिक्षक आणि कारकून रस्त्यावर उतरले, प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, तेथे कपात वैध ठरली. पंतप्रधान सँडिफर्ड यांच्यावर पुढे अविश्वासाचा ठराव संमत झाला आणि त्यांचे सरकार पडले. नंतर आलेल्या सरकारने घटनेतच दुरुस्ती केली की, सरकारी नोकराचा पगार यापुढे कमी करता येणार नाही. हा संरक्षक कठडा पुढच्या सरकारांना चांगलाच जाणवला; २०२० मध्ये पगाराचा काही भाग रोख्यांच्या रूपाने देण्याची योजना निघाली, ती ऐच्छिक ठेवावी लागली.

या आठ टक्क्यांचे समर्थन करणे सोपे नाही, आणि पगारावर जगणाऱ्या वाचकांसमोर तर नाहीच. तरीही पर्याय काय होता ते पाहावे. जमेकाने वारंवार अवमूल्यन केले. स्वातंत्र्याच्या सुमारास अमेरिकी डॉलरहून भारी असलेले तेथील चलन आज असे घसरले आहे की एका अमेरिकी डॉलरला दीडशेहून अधिक जमेकी डॉलर मोजावे लागतात. अवमूल्यनाने पगार कापला जातोच; फक्त तो गुपचूप, भाववाढीच्या वाटेने, आणि सर्वांत गरिबाचा सर्वांत जास्त कापला जातो. बार्बाडोसने निदान कपात उघडपणे केली आणि ती करताना तिन्ही पक्षांना एका टेबलाशी बसविले. १९९३ मध्ये त्यांच्यात झालेला लेखी करार हा त्या देशाच्या राज्यकारभाराचा एक स्थायी भाग झाला. लहान बेटावर मंत्री, मालक आणि पुढारी एकाच शाळेतून निघालेले असतात, हे त्याचे एक कारण असावे. प्रत्येक देशाला हे साधेलच असे नाही.

या राज्यव्यवस्थेचा दुसरा पैलूही नजरेआड करता येत नाही. २०१८ च्या निवडणुकीत मिया मॉटली यांच्या पक्षाने सभागृहातील तीसच्या तीस जागा जिंकल्या, आणि २०२२ मध्ये पुन्हा तीसच्या तीस. २०१८ मध्ये सत्तारूढ पक्षाचाच एक सभासद बाजू बदलून बसला, तेव्हा कोठे सभागृहाला विरोधी नेता मिळाला. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी देश प्रजासत्ताक झाला, ब्रिटिश राणीची जागा विधिमंडळाने निवडलेल्या राष्ट्राध्यक्षांनी घेतली. पण हा बदल सार्वमत न घेता झाला. बदल योग्यच होता. त्यासाठी जनतेला प्रत्यक्ष विचारले असते तर तो अधिक शोभला असता. लंडनच्याही आधी, १८१३ मध्ये, ब्रिजटाऊनच्या चौकात उभारलेला नेल्सनचा पुतळा २०२० मध्ये काढण्यात आला, तेव्हा आक्षेप घेणारे फारसे उरले नव्हते.

करारातील एक कलम

२०१८ मध्ये मॉटली सत्तेवर आल्या, तेव्हा सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या दीडपटीहून अधिक झाले होते आणि गंगाजळी दोन महिन्यांच्या आयातीलाही पुरणार नव्हती. त्यांनी काही दिवसांतच परदेशी खासगी धनकोंचे हप्ते थांबविले आणि नाणेनिधीकडे धाव घेतली. शेकडो सरकारी नोकरांना घरी बसावे लागले. म्हणजे हा मार्गही निर्वेदन नव्हता. परंतु याच सरकारने विद्यापीठातील नागरिकांची फी, जी २०१४ मध्ये आधीच्या सरकारने लादली होती, रद्द केली, हेही नमूद केले पाहिजे. देशांतर्गत धनकोंशी तडजोड २०१८ मध्येच झाली. परदेशी धनकोंशी वाटाघाटी २०१९ च्या अखेरपर्यंत चालल्या. त्यांनी मूळ येण्याचा सुमारे चतुर्थांश भाग सोडला, आणि बदली रोख्यांच्या करारात एक कलम मान्य केले. चक्रीवादळ, भूकंप यांसारखी आपत्ती ठरावीक मर्यादेपलीकडची असेल, तर मुद्दल आणि व्याज या दोहोंचे हप्ते दोन वर्षे पुढे ढकलता येतील. त्या काळातील व्याज मुद्दलात मिळविले जाईल.

ही कल्पना मराठी वाचकाला परकी वाटू नये. पीक बुडाले, पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली आली, की साऱ्यात सूट आणि वसुलीस तहकुबी, ही रीत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. तहकुबी म्हणजे माफी नव्हे. जमिनीत धान्यच पिकले नसेल तर त्या हंगामात वसुलीचा आग्रह धरल्याने वसुली होत नाही, फक्त बैल विकला जातो, आणि पुढच्या हंगामाची वसुलीही बुडते, हे जुन्या मामलेदारांनाही कळत होते. आंतरराष्ट्रीय सावकारीला ते कळायला एकविसावे शतक उजाडावे लागले. २००४ च्या 'आयव्हन' वादळाने ग्रेनेडाचे झालेले नुकसान तेथील वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे दुप्पट होते. २०१७ मध्ये 'मारिया'ने डोमिनिकाचे त्याहूनही अधिक केले. एका रात्रीत दोन वर्षांची कमाई बुडालेल्या कुळाकडे हप्ता मागायला जाणारा सावकार निर्दय असेलच, पण त्याआधी तो मूर्ख आहे.

धनकोंचा आक्षेप असा होता की, असे कलम घातल्यास जोखीम वाढते आणि व्याजाचा दर चढतो. हा आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. परंतु जोखीम कलमामुळे निर्माण होत नाही. ती वादळामुळे निर्माण होते आणि कलम असो वा नसो, तेथेच असते. कलम नसेल तर देश हप्ता बुडवितो, मग वर्षानुवर्षे वकिलांच्या वाटाघाटी चालतात, आणि अखेर धनकोला मुद्दलावरच पाणी सोडावे लागते. कलम असेल तर त्याला उशिरा का होईना, व्याजासकट पैसे मिळतात. २०२४ मध्ये याचा पडताळाही आला. 'बेरिल'ने उद्ध्वस्त केलेल्या ग्रेनेडाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या रोख्यांतील कलम लागू केले आणि पुढील हप्ते लांबणीवर टाकले. असे करणारा तो पहिलाच देश. बाजारात काही आकाश कोसळले नाही. जागतिक बँकेनेही २०२३ मध्ये पॅरिसच्या परिषदेत लहान देशांना अशी सवलत देण्याचे जाहीर केले. या बदलाला 'ब्रिजटाऊन पुढाकार' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, २०२२ पासूनच्या मोहिमेने गती दिली. या मोहिमेत मॉटली यांचे सल्लागार अर्थशास्त्रज्ञ अविनाश पर्सॉड होते. हे आडनाव म्हणजे आपले 'प्रसाद'. गिरमिटियांच्या जहाजांतून गयाना-त्रिनिदादला गेलेल्या नावांनी तिकडच्या उच्चारात घेतलेले हे रूप आहे.

खरी अडचण आक्षेपात नसून मोजमापात आहे. आपत्ती किती मोठी, हे ठरवायला वेळ लागू नये म्हणून वाऱ्याचा वेग, हवेचा दाब असे आकडे आधीच ठरविलेले असतात. २००७ मध्ये स्थापन झालेला कॅरिबियन देशांचा सामाईक विमानिधी याच तत्त्वावर चालतो. यात भांडण टळते, पैसा लवकर मिळतो. पण आकडा आणि नुकसान यांची गाठ प्रत्येक वेळी पडतेच असे नाही. 'बेरिल' जमेकाजवळून गेले तेव्हा तेथील आपत्ती-रोख्यांतून एक डॉलरही मिळाला नाही, कारण हवेचा दाब ठरलेल्या आकड्याइतका उतरला नव्हता; शेतांचे आणि घरांचे नुकसान मात्र व्हायचे ते झालेच होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'मेलिसा'ने जमेकाला झोडपले, तेव्हा त्याच रोख्यांचे पंधरा कोटी डॉलर पूर्णपणे मिळाले. पैसेवारीवरून दरवर्षी आपल्याकडे जी हमरीतुमरी होते, तिचीच ही सुधारलेली आवृत्ती म्हणता येईल.

मागणीचा दुसरा भाग सवलतीच्या कर्जाविषयी आहे. तेथे अद्याप पुष्कळ वाट चालायची आहे. बार्बाडोसचे दरडोई उत्पन्न बरे आहे, एवढ्या एका कारणावरून त्याला जागतिक बँकेच्या अल्पव्याजी खिडकीपाशी उभे राहता येत नाही. सरासरी उत्पन्न ही गेल्या वर्षीची गोष्ट सांगते. पुढच्या सप्टेंबरात काय उरेल ते सांगत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ऑगस्ट २०२४ मध्ये उत्पन्नाऐवजी अशा दुबळेपणाचे मोजमाप करणारा एक निर्देशांक स्वीकारला आहे, पण पैसा ज्यांच्या हातात आहे त्या संस्थांनी तो अजून व्यवहारात आणलेला नाही. वातावरणात गेलेल्या धुरात पावणेतीन लाख वस्तीच्या बेटाचा वाटा किती असणार? तो धूर ज्या यंत्रयुगातून निघाला त्याच्या उभारणीस साखरेच्या आणि गुलामांच्या व्यापारातील नफा किती कारणीभूत झाला, यावर त्रिनिदादचे एरिक विल्यम्स यांनी १९४४ मध्ये ग्रंथ लिहिला. त्याच्या तपशिलांवर इतिहासकारांचा वाद आजही चालू आहे. वाद चालू राहो. १८३४ च्या भरपाईचा हिशेब मात्र सरकारी दप्तरात आहे, आणि मालकाला मिळालेली रक्कम पौंड-शिलिंगांसह त्यात वाचता येते. हिलरी बेकल्स या बार्बाडोसच्याच इतिहासकाराच्या अध्यक्षतेखाली २०१३ पासून कॅरिबियन देशांचा जो भरपाई आयोग काम करतो, त्याच्या मागण्या अवास्तव म्हणून उडवून लावणाऱ्यांनी ते दप्तर एकदा उघडावे. त्या मागण्यांच्या मानाने हप्ता दोन वर्षे उशिरा देण्याची मुभा ही फारच थोडी गोष्ट आहे.

वादळाशिवाय आलेल्या संकटाला हे कलम पुरे पडणार नाही, ही त्याची मर्यादा बार्बाडोसच्याच लक्षात येऊ लागली आहे. समुद्र हळूहळू वर येतो आहे आणि किनाऱ्यालगतच्या चुनखडीत खारे पाणी शिरण्याचा धोका वाढतो आहे; पाऊस ओढ देतो तेव्हा विहिरी खोल जातात. अशा संकटाला ठरावीक तारीख नसते, वाऱ्याचा वेग नसतो आणि कोणत्या दिवशी ते 'ठरावीक मर्यादेपलीकडचे' झाले हे करारात लिहिता येत नाही. २०२४ च्या अखेरीस त्या सरकारने जुने महाग कर्ज फेडून स्वस्त कर्ज घेतले आणि त्यातून वाचणारा पैसा सांडपाणी शुद्ध करून शेतीला व भूजलाला पुरविण्याच्या कामाकडे वळविण्याचे ठरविले. धनको, हमी देणाऱ्या बँका आणि सरकार यांना एकत्र आणून केलेला हा व्यवहार किचकट आहे, आणि दर वेळी तो नव्याने जुळवावा लागतो. तूर्त विहिरींसाठी एवढीच सोय झाली आहे.